बाण कोणी काढायचा?
(रेल्वे व टपाल कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)

आजचा विषय ऐकून काहींना वाटले असेल की संगणकावरच्या आराखड्याशी युनियनचा काय संबंध? संबंध सरळ आहे. ब्लॉक किती तासांचा, टोळी किती माणसांची, काउंटर कधी उघडायचे, हे मोठ्या कामात आता सॉफ्टवेअरमध्ये मांडून ठरवले जाते. त्यात कामांच्या पट्ट्या असतात आणि त्यांना जोडणारे बाण असतात. पट्टी सांगते, काम किती वेळाचे. बाण सांगतो, कोणी कोणासाठी थांबायचे. पट्टीच्या लांबीवरून आपण भांडतो, बाणाकडे मात्र पाहतही नाही. माणसाचा जीव जातो तो बाण चुकल्यामुळे.

ही विद्या नवी नाही. अमेरिकेत ड्युपाँट कंपनीने १९५७ च्या सुमारास क्रिटिकल पाथ पद्धत बसवली. १९५८ मध्ये तेथील नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी पर्ट पद्धत काढली. आज तेच गणित टेबलावरच्या संगणकात आले आहे.

बाण कसा काढतात? प्रत्येक कामाला अनुक्रमांक असतो. नव्या कामासमोर 'आधीचे काम' या रकान्यात त्याचा क्रमांक टाकला की बाण तयार. बाणाचे प्रकार चार. पहिला, आधीचे संपल्यावर पुढचे सुरू. वेगळे काही सांगितले नाही तर सॉफ्टवेअर सहसा हाच धरते. दुसरा, एक सुरू झाले की दुसरे सुरू करता येते. तिसरा, एक संपल्याशिवाय दुसरे संपवता येत नाही. लुकआऊट पाहणारा माणूस शेवटचा हात रुळावरून निघेपर्यंत जागा सोडत नाही, तसे. चौथा कमी वापरला जातो, पण आपल्याला चांगला ठाऊक आहे : बदली माणूस हजर होऊन काम सुरू करेपर्यंत गेटमनची ड्युटी संपत नाही. याशिवाय दोन कामांमध्ये ठराविक मिनिटांची थांबण्याची वेळही घालता येते.

आता रूळबदलीचा ब्लॉक घेऊ. आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत. ब्लॉक ४ तासांचा, म्हणजे २४० मिनिटे. वीज बंद करून ओएचईला अर्थिंग, २० मिनिटे. परमिट हातात घेणे आणि जागेचे संरक्षण, १५. जुने रूळ काढणे, ६०. नवे बसवणे, ७०. मशीनने टॅम्पिंग, ५०. तपासणी करून माणसे व सामान बाजूला घेणे, १५. परमिट परत करून अर्थिंग काढणे, १०. सगळे एकापाठोपाठ धरले तर बेरीज बरोबर २४०. एकाही कामात सवडीचे मिनिट नाही. अशा साखळीलाच क्रिटिकल पाथ म्हणतात. तिच्यातले एक काम १० मिनिटे लांबले की शेवट १० मिनिटे लांबतो.

आणि ब्लॉक मिळालाच अर्धा तास उशिरा, तर? गाडी सोडण्याची वेळ बदलत नाही. हातात २१० मिनिटे राहतात. ३० मिनिटे कोठून आणायची?

एक वाट अशी : नवे रूळ बसवणे आणि टॅम्पिंग यांच्यातला बाण दुसऱ्या प्रकारचा करायचा. बसवणे सुरू झाल्यावर ३० मिनिटांनी, तयार तुकड्यावर मशीन चालू करायचे. मग दोन्ही मिळून १२० ऐवजी ८० मिनिटांत होतात, ४० मिनिटे वाचतात. पण हे चालेल का, याचे उत्तर संगणकाकडे नाही. त्या तुकड्याच्या फिशप्लेटा आणि फास्टनिंग पुरे झाले का, मशीन आणि माणसे यांच्यात पुरेसे अंतर राहील का, हे मुकादम आणि मशीनवरचा माणूस सांगेल. ते 'नाही' म्हणाले तर त्या दिवशी कमी रूळ बदलायचे. तोही प्रामाणिक आराखडाच आहे.

दुसरी वाट भयंकर आहे. वीज बंद होण्याची आणि रूळ काढण्याची वेळ एकच धरायची. पडद्यावर हा बदलही तेवढाच सोपा, एका रकान्यातली दोन अक्षरे बदलायची. मिनिटे इथेही वाचतात आणि सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. त्याला २५,००० व्होल्ट म्हणजे काय ते माहीत नाही. अर्थिंग आणि परमिट यांचा बाण सोयीचा नाही, तो जिवाचा आहे. शेवटच्या २५ मिनिटांचेही तसेच. शेवटचा माणूस बाजूला झाल्याशिवाय परमिट परत जाता कामा नये.

टपाल खात्यातील साथींनाही हे परके नाही. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये देशभरातील कार्यालये एपीटी या नव्या प्रणालीवर नेण्यात आली आणि त्यासाठी एक दिवस व्यवहार बंद ठेवावे लागले. असे बदल करताना बाण स्पष्ट असतात. प्रशिक्षण झाल्यावर लॉगिन. माहिती हलवल्यावर शिल्लक जुळवणे. शिल्लक जुळल्यावर काउंटर. प्रशिक्षणाचा बाण तोडला तर उद्घाटन ठरल्या दिवशी होते, पण खिडकीवरची रांग आणि लोकांचे बोलणे सोसावे लागते ते काउंटरवरच्या क्लार्कला. आराखड्यात तो खर्च कुठेच दिसत नाही.

तेव्हा आपण सॉफ्टवेअरला विरोध करायचा नाही, त्यात आपले म्हणणे घालायचे. त्यासाठी चार मागण्या प्रत्येक शाखेने लावून धराव्यात. एक, कामाचा आराखडा बाणांसह, कामगारांना वाचता येईल अशा भाषेत, कामाआधी टोळीला व कार्यालयाला दाखवावा. दोन, सुरक्षिततेचे बाण वेगळ्या खुणेने दाखवावेत आणि वेळ कमी पडली म्हणून ते कोणालाही बदलता येऊ नयेत. तीन, वेळ कमी मिळाली तर काम कमी करावे, हे लेखी असावे. चार, प्रत्येक काम खरोखर केव्हा सुरू झाले व संपले, याची नोंद त्याच आराखड्यात व्हावी.

चौथी मागणी किरकोळ वाटेल, पण चौकशीत तीच उपयोगी पडते. ब्लॉक उशिरा मिळाला, सामान उशिरा आले, तरी ठपका बसतो तो साखळीच्या शेवटी असलेल्या माणसावर. नोंद असेल तर उशीर कोणत्या बाणातून आला, ते बोट ठेवून दाखवता येते.

साथींनो, कोणत्या कामाआधी काय झालेच पाहिजे, हे ज्ञान ट्रॅकवर आणि काउंटरवर वर्षे काढून आपण मिळवले आहे. आराखडा करणाऱ्यालाही त्याची गरज आहे. म्हणून पुढच्या बैठकीत आराखडा समोर आला की पट्टीची लांबी नंतर मोजा. आधी विचारा, हा बाण कोणी काढला आणि कोणाला विचारून काढला?