नाटकातून बोलपटाकडे

जालन्यापासून गोमंतकापर्यंत मराठी रसिकांच्या परिचयाचा फाल्गुनराव मूळचा फ्रान्सचा. मोलिएरच्या १६६० मधील प्रहसनावरून आर्थर मर्फीने इंग्रजी नाटक रचले आणि त्यावरून गोविंद बल्लाळ देवलांनी ‘संशयकल्लोळ’ उभे केले. एक तसबीर भलत्या हाती पडते आणि संशयाचे थैमान सुरू होते.

अशाच एका वस्तूमागे रने क्लेर यांचा १९३१ चा फ्रेंच विनोदी बोलपट ‘ल मिल्याँ’ धावतो. तोही मूळचा नाटकच. कर्जबाजारी चित्रकार मिशेल याला सोडतीत मोठी रक्कम मिळते. परंतु तिकीट जुन्या कोटाच्या खिशात, आणि तो कोट त्याच्या वाग्दत्त वधूने एका पळत्या चोराला देऊन टाकलेला! पुढे तो एका ऑपेरा-गायकाच्या अंगावर चढतो.

चित्रपटाला वाचा फुटताच अनेकांनी नाटकातील संभाषणेच पडद्यावर उतरविली. क्लेर यांनी ध्वनीला निराळे काम दिले. कोटासाठी झोंबाझोंबी चालते, तेव्हा ऐकू येतो तो चेंडूच्या सामन्यातील जल्लोष. रंगभूमीवर परस्परांचा द्वेष करणारे गायक-गायिका प्रेमगीत गातात. आणि नेपथ्याआड लपलेले, रुसलेले खरे प्रेमिक अक्षरही न बोलता त्याच सुरांनी एकमेकांजवळ येतात.

देवलांनीही केवळ भाषांतर केले नाही. परक्या संशयात्म्याला त्यांनी मराठी घर दिले, मराठी बोली दिली. नाटक दुसऱ्या मुलखात न्यावयाचे असो वा पडद्यावर, त्याला नव्या घराची रीत शिकवावीच लागते.