तक्रार करावी, पण रीतीने

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा लेखी मसुदा)



मी काही वक्ता नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि रूळ, गिट्टी, पूल व मोजणीपुस्तक यांतच वीसेक वर्षे गेली. तरी कार्यकारिणीने हा विषय माझ्याकडे दिला, कारण मंडळाच्या बैठकीत दरवर्षी एक प्रश्न निघतो : आपल्या भागातल्या नगरसेवकाचे वागणे बरोबर नसेल तर आपण काय करायचे? आणि दरवर्षी उत्तरही तेच मिळते, "जाऊ द्या हो, आपण बाहेरचे." आज या उत्तराविषयीच बोलायचे आहे.

मुळात व्हाइटफील्ड हे गावच बाहेरच्यांनी वसवलेले. १८८२ मध्ये म्हैसूरच्या महाराजांनी अँग्लो-इंडियन व युरेशियन लोकांच्या वसाहतीसाठी जमीन दिली, तेव्हापासूनचे हे नाव. आपण येथे घरपट्टी भरतो, आपली मुले येथे शिकतात, मतदार यादीत आपले नाव आहे. मग रस्त्याबद्दल विचारण्याचा हक्क तेवढा गावाकडे राहिला, असे कसे म्हणता येईल?

थोडी पार्श्वभूमी सांगतो. २००७ पर्यंत आपला भाग महादेवपुरा नगरसभेत होता. त्या साली बृहत् बेंगळुरू महानगरपालिका झाली, २०१० व २०१५ मध्ये निवडणुका झाल्या. सप्टेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या पालिकेच्या जागी पाच महानगरपालिका आल्या; आपण पूर्व महानगरपालिकेत आहोत. मधल्या पाच वर्षांत आपल्याला निवडून दिलेला नगरसेवकच नव्हता. त्या काळात गटार तुंबले की फोन कोणाला करायचा हेच कळत नसे. म्हणून माझे म्हणणे असे, की नगरसेवक हे पद आपल्याला हवेच आहे. तक्रार असते ती वागण्याची.

आता आपल्या महाराष्ट्रातले एक उदाहरण घेऊ. जळगावची घरकुल योजना खानदेशातल्या मंडळींना ठाऊकच आहे. नगरपालिकेने गोरगरिबांसाठी अकरा हजारांवर घरे बांधायची ठरवली. पालिकेच्या मालकीची नसलेल्या जमिनीवर काम सुरू झाले, ठेकेदाराला कोट्यवधींची उचल दिली गेली, आणि घरे मात्र थोडीच उभी राहिली. फेब्रुवारी २००६ मध्ये तेव्हाचे महापालिका आयुक्त प्रवीण गेडाम यांनी पोलिसांत फिर्याद दिली. मोठ्या अटका झाल्या त्या २०१२ मध्ये. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले. त्यांत माजी मंत्री सुरेश जैन होते, आणि अनेक आजी-माजी नगरसेवकही होते. जैन यांना सात वर्षांची शिक्षा आणि शंभर कोटींचा दंड झाला. निकालाविरुद्ध मंडळी उच्च न्यायालयात गेली, तो त्यांचा हक्कच आहे.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, फिर्याद ते निकाल यांत साडेतेरा वर्षे गेली, म्हणजे तक्रार करणाऱ्याला दम हवा. दुसरी, ही फिर्याद ऐकीव गोष्टींवर उभी नव्हती. ठराव, निविदा, उचल, जमिनीची मालकी, सगळे कागदावर होते. सभागृहात आपण फक्त हात वर केला, असे म्हणून नगरसेवक सुटले नाहीत.

आम्ही रेल्वेत एक नियम पाळतो. काम मोजणीपुस्तकात नोंदल्याशिवाय बिल निघत नाही. पालिकेच्या कामालाही मोजणी असते. ती पाहायची तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. न आले तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील. कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण दीडशे शब्दांत असावा लागतो, म्हणून रस्ता, गटार, दिवे एकाच अर्जात कोंबू नका. या कायद्याने नुसती कागदांची प्रतच मिळते असे नाही. काम प्रत्यक्ष पाहता येते आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुनाही मागता येतो. हे फार थोड्यांना माहीत असते.

आता तक्रारीचा मजकूर. आपल्यातल्या एका कुटुंबाने घरावर मजला चढवायला घेतला, तेव्हा एक गृहस्थ येऊन म्हणाले, "अण्णांनी पाठवलंय, तेवढं बघून घ्या." आता हा माणूस खरोखर अण्णांचा होता, की अण्णांचे नाव विकून खाणारा? आपल्याला माहीत नाही. मग तक्रारीत तेवढेच लिहावे : अमुक तारखेला, अमुक वाजता असा माणूस आला, असे बोलला, समोर हे दोघे होते. "नगरसेवकाने लाच मागितली" हा आपला तर्क झाला. पाहिलेले आणि वाटलेले वेगळे ठेवले, की तक्रार टिकते आणि निरपराध माणसावर शिंतोडेही उडत नाहीत.

पैसे देऊन मोकळे होण्याचा विचार करणाऱ्यांसाठी एक इशारा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये दुरुस्ती झाली. आता लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवले पाहिजे.

तक्रार कोठे करायची? कामाच्या दर्जाची असेल तर आधी पालिकेच्या इंजिनिअरकडे, मग आयुक्तांकडे. प्रत्येक वेळी पोच घ्यावी. वागणुकीची, भ्रष्टाचाराची असेल तर लोकायुक्त. कर्नाटकच्या १९८४ च्या लोकायुक्त कायद्यात स्थानिक संस्थेचा सदस्यही येतो. ठरावीक नमुन्यात अर्ज आणि सोबत प्रतिज्ञापत्र लागते. आरोप पाच वर्षांपेक्षा जुना नसावा. जाणूनबुजून खोटी तक्रार केली तर शिक्षेची तरतूद आहे, तेव्हा रागाच्या भरात सही करू नये. कार्यालय विधानसौधजवळ एम. एस. बिल्डिंगमध्ये आहे; काडुगोडीहून मेट्रोने न बदलता विधानसौध स्टेशनपर्यंत जाता येते.

माझ्यासारख्या सरकारी नोकरांनी एक पथ्य पाळावे. तक्रार नागरिक म्हणून, घरच्या पत्त्यावरून करावी. खात्याचे लेटरहेड, हुद्दा, शिक्का यांतले काही वापरू नये, आणि कोणत्याही पक्षाच्या मोर्च्यात त्या कागदाची प्रत फिरवू नये.

शेवटी, सर्वांत महत्त्वाचे. तक्रार मराठी माणसांची म्हणून करू नका. तुंबलेल्या गटाराचा त्रास शेजारच्या कन्नड, तेलुगू, मल्याळी घरांनाही तेवढाच होतो. अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्यावा आणि पहिली सही ज्याची हयात येथे गेली त्या शेजाऱ्याची असावी. दहा सह्यांचा अर्ज असला की एकट्या माणसाला रात्री दारावर येऊन दमदाटी करणे अवघड जाते. ज्या कुटुंबाचे उदाहरण मी दिले ते घाबरून गप्प बसले होते. शेजारचे दोघे साक्षीला उभे राहिले तेव्हाच त्यांनी कागद लिहिला. पुढे काय होईल ते होवो, पण तो माणूस त्या घरी पुन्हा फिरकला नाही.

आपले मंडळ वर्गणीच्या पै-पैचा हिशोब याच स्मरणिकेत छापते. ज्यांना असा हिशोब द्यायची सवय आहे, त्यांनी तो मागायला संकोचू नये. उत्सव संपल्यावर ज्यांना अर्ज लिहायचा असेल त्यांनी मला जरूर भेटावे. आपण बसून लिहू.

गणपती बाप्पा मोरया!