आधी अर्थिंग, मग गीझर



दिवाळी सरली की आपल्याकडं पहाटेचा गारठा वाढतो आणि घराघरात एकच घाई सुरू होते, आंघोळीच्या पाण्याची. आपल्या आयांनी चुलीवर हंडा तापवला. ज्यांच्याकडं तांब्याचा बंब होता त्यांनी त्यात पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या घातल्या. कढत पाणी घंगाळात ओतायचं, विसण घालायचं आणि बाळंतिणीला न्हाऊ घालायचं. धुरानं डोळे चुरचुरायचे, पण पाण्यात हात घालताना भीती वाटत नव्हती. फार तर पोळायचं. आता त्याच घंगाळात विजेचा रॉड येऊन बसलाय, काही घरांत भिंतीवर गीझर आलाय. धूर गेला, हे चांगलंच झालं. पण वीज डोळ्याला दिसत नाही, तिचा वास येत नाही. म्हणून आजचं बोलणं न्हाणीतल्या विजेवर.

आमच्या गटात हा विषय कर्जाच्या अर्जावरून निघाला. एका सखीची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. सातवा महिना लागला होता. सखी म्हणाली, "लेकीला आणि लेकराला रोज ऊन पाणी लागंल, मला गीझर घ्यायचाय, मोठा पंचवीस लिटरचा." गटानं माना डोलावल्या. तेवढ्यात कोपऱ्यातली एक मावशी म्हणाली, "गीझर घ्या, पण माझ्या घंगाळाचं आठवा."

मावशीचं घंगाळ आम्हाला सगळ्यांना आठवत होतं. आदल्या हिवाळ्यात त्यांनी घंगाळात रॉड लावला आणि पाणी तापलं का बघायला बटण न बंद करताच हात घातला. झटका असा बसला की त्या मागं फेकल्या गेल्या. पायात रबरी चप्पल होती, मागं मोकळी जागा होती, म्हणून वाचल्या. नंतर रॉड बघितला तर त्यावर बोअरच्या पाण्याचा पांढरा खार जाड बसलेला, आणि खाली नळीला बारीक चीर. पिनेला तीन पाय असतात, त्यातला जाड पाय कुणीतरी कापून टाकलेला, दोन भोकांच्या बोर्डात बसावी म्हणून. तो जाड पाय म्हणजेच अर्थ. जीव वाचवणारी तारच आपण आपल्या हातानं तोडली होती.

त्या दिवशी आम्ही कर्ज मंजूर केलं नाही. पुढच्या बैठकीला परवाना असलेल्या एका वायरमन दादांना बोलावलं आणि त्यांना नीट विचारून घेतलं. आपल्या जिल्ह्यात परळीला १९७१ पासून वीज तयार होते, पण ती घरात कशी वागते हे आम्हा बायांना कुणी सांगितलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दादांकडून जे समजलं ते तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट एमसीबीची. बोर्डावर जो खटका आपोआप खाली पडतो, तो एमसीबी. आम्हाला वाटायचं, तो आहे म्हणजे आपण सुखरूप. तसं नाही. एमसीबी तारेला वाचवतो. तारेतून झेपेल त्यापेक्षा जास्त वीज गेली की तार तापून आग लागू नये म्हणून तो पडतो. गीझरचा एमसीबी साधारण १६ किंवा २० अँपियरचा असतो. माणसाचा जीव धोक्यात यायला मात्र एका अँपियरचे हजार भाग केले तर त्यातले ३० भागही पुरतात. याला ३० मिलीअँपियर म्हणतात. १६ अँपियर हे त्याच्या पाचशे पटीहून जास्त झालं. म्हणजे माणूस चिकटून राहिला तरी एमसीबीला पत्ता लागत नाही.

माणसाला वाचवणारा खटका वेगळा. त्याला वायरमन ईएलसीबी म्हणतात, दुकानात आरसीसीबी मागायचा, ३० मिलीअँपियरचा. त्याचं काम हिशेबनीस बाईसारखं आहे. एका तारेनं वीज घरात किती गेली आणि दुसऱ्या तारेनं परत किती आली, याचा तो सारखा ताळा घेतो. गेली तेवढीच परत आली तर ठीक. त्यात फरक पडला, म्हणजे वीज पाण्यातून, घंगाळातून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत चालली, तर तो डोळ्याचं पातं लवायच्या आत पुरवठा तोडतो. त्यावर एक छोटं बटण असतं, टी अक्षराचं. महिन्यातून एकदा ते दाबायचं. खटका पडला तर राखणदार जागा आहे. पडला नाही तर तो बदलायचा.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. गीझरची टाकी, रॉडची नळी हे सगळं लोखंड, तांबं. आत बिघाड झाला की वीज बाहेरच्या धातूत उतरते. हिरवी अर्थ तार नीट जोडलेली असेल तर ती वीज तारेवाटे जमिनीत जाते, आणि ईएलसीबी आपला हात लागायच्या आधीच पडतो. अर्थ तार नसेल तर आपला हात लागल्यावर पडतो. दोन्हींत जीव वाचायची आशा आहे, पण एकीत झटका आधी आपल्याला बसतो.

मग एकट्या अर्थिंगवर भागेल का? आम्ही हाही प्रश्न विचारला. दादांनी हिशेब मांडून दाखवला. आपल्याकडं मुरूम आणि खडक. उन्हाळ्यात जमीन कोरडी ठणठणीत. कोरडी जमीन वीज घेत नाही. समजा अर्थिंगचा विरोध ५० ओहमवर गेला, तर २३० व्होल्टला त्यातून ५ अँपियरसुद्धा जात नाहीत. १६ अँपियरचा एमसीबी गप्प बसतो आणि गीझरचं अंग तसंच जिवंत राहतं. म्हणून अर्थिंग आणि ईएलसीबी ही जोडी फोडायची नाही.

अर्थिंग कुठं करायचं? भिंतीपासून पाचेक फूट लांब, ओल राहील अशा जागी. आमच्या सखीच्या न्हाणीमागं शोषखड्डा आहे, त्याच्या बाजूची जागा निवडली. जस्ताचा मुलामा दिलेला अडीच मीटर लांबीचा पाइप उभा पुरला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं, वर झाकण ठेवलं. उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायचं. तुळशीला घालतो, तसंच तांब्याभर यालाही. आणि मैत्रिणींनो, न्यूट्रलची तार अर्थला जोडून "झालं अर्थिंग" म्हणणारा कुणी आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. न्यूट्रल मागं कुठं तुटली तर गीझरच्या अंगातच वीज उतरते.

तिसरी गोष्ट भाराची. गीझर घ्यायच्या आधी महावितरणचं बिल हातात घ्या. त्यावर मंजूर भार छापलेला असतो, किलोवॅटमध्ये. एक किलोवॅट म्हणजे हजार वॅट. पंधरा किंवा पंचवीस लिटरचा गीझर बहुधा २००० वॅटचा असतो, लगेच पाणी देणारा छोटा गीझर ३००० वॅटचा. एक अश्वशक्तीची पाण्याची मोटर साधारण ७५० वॅटची. मंजूर भार कमी असेल तर महावितरणच्या कार्यालयात भार वाढवायचा अर्ज द्यायचा. आणि भार मंजूर असला तरी गीझर, मोटर, मिक्सर एकदम लावायचे नाहीत.

चौथी गोष्ट तारेची. २००० वॅटच्या गीझरला साधारण ९ अँपियर लागतात, ३००० वॅटच्या गीझरला १३. बल्बच्या बारीक तारेवर हे ओझं टाकलं तर तार भिंतीच्या आत तापते. म्हणून मेन बोर्डापासून गीझरपर्यंत वेगळी तांब्याची तार ओढायची. २००० वॅटला अडीच चौरस मिलिमीटरची, ३००० ला चारची. तीन भोकांचा १६ अँपियरचा सॉकेट. एक्स्टेन्शन बोर्ड नाही, आणि दोन पिनांची जोडणी तर मुळीच नाही. बटण न्हाणीच्या बाहेर, ओला हात पोचणार नाही असं.

हे काम भाच्यानं, दिरानं हौसेनं करायचं नाही. बल्ब, पंखा बदलणं वेगळं. नवी वायरिंग परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावी असा नियमच आहे. परवाना बघायला मागताना लाजू नका. काम झाल्यावर सगळ्यांसमोर ते टी बटण दाबून दाखवायला सांगा.

आता गीझरच्या निवडीचं. छतावर टाकी असेल तरच गीझर. आपल्या कितीतरी गावांत नळ रोज येत नाही. टाकीत पाणी नसताना गीझर चालू राहिला तर आतली कॉइल जळते. गरम पाण्याला साधा पीव्हीसी पाइप चालत नाही, सीपीव्हीसी लागतो. वस्तूवर आयएसआयची खूण बघा, गीझरवर स्टारची चिठ्ठीही बघा. टाकी नसेल तर चांगला रॉड बरा, पण त्यालाही अर्थिंग आणि ईएलसीबी तेच. २००० वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट. वीस लिटरची बादली रॉडनं तापवायला अर्ध्या युनिटहून थोडं जास्त लागतं. व्होल्टेज कमी असलं की वेळ जास्त लागतो. म्हणून बिघाड झाला असं समजून लगेच उघडून बघू नका.

रॉड वापरताना एवढं पाठच करा. प्लॅस्टिकच्या बादलीत आधी पाणी, मग रॉड, मग बटण. काढताना आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मग रॉड वर. त्यानंतरच पाण्यात हात. घंगाळ आवडीचं असेल तर पाणी बादलीत तापवा आणि घंगाळात ओता. घंगाळात रॉड नको. खार बसला तर पिन काढून, रॉड गार झाल्यावर पुसा. चीर दिसली तर रॉड भंगारात. पाणी तापत असताना लेकरू न्हाणीत एकटं नको.

ऊसतोडीला जाताना घराला कुलूप लावायच्या आधी मेन स्विच बंद करा. परत आल्यावर उंदरानं तारा कुरतडल्यात का ते बघूनच वीज सुरू करा.

आणि कुणाला विजेनं धरलंच, तर धावत जाऊन त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी काठीनं माणसाला वेगळं करा, स्वतः कोरड्या जागी उभं राहून. १०८ ला फोन करा. श्वास चालू नसेल तर छातीच्या मधोमध जोरानं आणि लागोपाठ दाबत राहा, गाडी येईपर्यंत. तोंडात पाणी घालू नका. बाहेरच्या खांबाची किंवा पडलेल्या तारेची तक्रार १९१२ वर.

आमच्या सखीचं काय झालं? गटानं कर्ज दिलं, पण ठराव वेगळा लिहिला. पैसा आधी अर्थिंगला, तारेला आणि ईएलसीबीला, उरेल त्यात गीझर. पंचवीस लिटरचा बेत पंधरावर आला. सखी थोडी हिरमुसली. म्हणाली, "जमिनीत पुरलेलं कुणाला दिसतं? पाव्हण्यांना गीझर दिसतो." मावशी म्हणाल्या, "पाव्हण्यांना नाही दिसलं तर नाही दिसलं. लेकीला लागलं नाही म्हणजे झालं." लेक आली, बाळंत झाली. आता गटाचा नियमच आहे, न्हाणीत विजेचं पाणी तापवायला कर्ज हवं असेल तर अर्थिंग त्याच अर्जात लिहायचं.

मैत्रिणींनो, आज रात्री जेवणं झाली की एवढंच करा. आपल्या न्हाणीजवळच्या बोर्डाला तीन भोकं आहेत की दोन, आणि मेन बोर्डावर टी अक्षराचं बटण आहे की नाही, ते बघा. नसेल तर पुढच्या बैठकीत तोच पहिला विषय घ्या. तोवर पाणी चुलीवर तापलं तरी चालंल.

भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.