रिमोट तुमच्या हातात आहे



टीव्हीवरच्या जाहिराती टाळायचा प्रेक्षकाला हक्क आहे का, या विषयावर बोला, असं रेडिओ केंद्राकडून सांगण्यात आलं. मी अनेक वर्षं कॉलेजात वाणिज्य शिकवलं. आता निपाणीत ग्राहकांच्या तक्रारी लिहून देण्याचं काम करतो. त्यामुळे उत्तर आधीच सांगून टाकतो. हक्क आहे, आणि पुरता आहे. तो का आहे आणि आपण तो वापरत का नाही, एवढंच आज बोलू.

मालिका ऐन रंगात येते, दार उघडतं, आत कोण आलंय हे दिसायच्या आत ब्रेक लागतो. मग घरात काय होतं? कुणी उठून कुकर बघायला जातं, कुणी दुसरी वाहिनी लावतं, कुणी आवाज बंद करून शेजारणीशी बोलून घेतं. हे सगळं जाहिरात टाळणंच आहे. यात काही गैर आहे असं आपल्याला कधी वाटलं नाही, आणि वाटायचं कारणही नाही.

पण असं म्हणणारी माणसं आहेत. २००२ साली अमेरिकेत टर्नर ब्रॉडकास्टिंगचे प्रमुख जेमी केलनर यांनी एका मुलाखतीत सांगितलं की जाहिराती गाळून कार्यक्रम बघणं म्हणजे कार्यक्रमाची चोरीच. मग मध्येच उठून बाथरूमला जाणाऱ्यानं काय करायचं? तर तेवढी सूट असावी, असं त्यांचं म्हणणं पडलं. आता चोरी म्हणायची तर कुणाची कुठली वस्तू आपण उचलली? जाहिरातदारानं वाहिनीला पैसे दिले, वाहिनीनं त्याला दहा-वीस सेकंद दिले. करार त्या दोघांत झाला. त्यावर आपली सही नाही. 'मी डोळे उघडे ठेवून बसेन' असं आपण कुणालाही लिहून दिलेलं नाही. पुन्हा सांगतो, करार त्या दोघांतला आहे, आपली सही त्यावर नाही. आठवड्याच्या बाजारात विक्रेत्यानं ओरडावं, तो त्याचा हक्क. आपला हात धरून ठेवायचा हक्क त्याला नाही.

वाहिन्यांची बाजूही ऐकून घेऊ. ते म्हणतात, जाहिरातीच्या पैशावर मालिका चालते, सगळ्यांनीच जाहिराती टाळल्या तर मालिका कोण काढणार? दूरदर्शनच्या बाबतीत, फ्री डिशच्या बाबतीत हे म्हणणं मी समजू शकतो, कारण तिथं आपण महिन्याला काही भरत नाही. पण पैसे भरून घेतलेल्या वाहिन्यांचं काय? फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक ट्रायची नवी पद्धत आली, आठवतं ना? केबलवाल्यानं कागद हातात दिला आणि सांगितलं, वाहिन्या निवडा. तेव्हा १३० रुपये अधिक कर हे जोडणीचे होते, आणि त्यावर प्रत्येक सशुल्क वाहिनीची वेगळी किंमत. म्हणजे त्या वाहिनीची किंमत आपण मोजली. वर जाहिरातीही बघतो. एकाच मालासाठी दोनदा वसुली झाली ही. आता मोबाइलवरच्या ओटीटीचंही तेच चाललंय. अ‍ॅमेझॉन प्राइमनं जून २०२५ पासून भारतात वर्गणी भरणाऱ्यांनाही जाहिराती दाखवायला सुरुवात केली. नको असतील तर आणखी पैसे भरा म्हणाले. याचा अर्थ काय झाला? जाहिरात न बघण्याला किंमत आहे हे त्यांनीच कबूल केलं.

आपल्या सीमाभागात ही वसुली आणखी वाढते. आपल्या घरांत दोन भाषांच्या वाहिन्या लागतात. तालुक्याची बातमी, सरकारी आदेश, पाऊसपाणी यासाठी कन्नड वाहिनी हवी. संध्याकाळी मालिका मराठी हवी. बऱ्याच घरांत आधी कर्नाटकाचा पॅक आणि मग मराठी वाहिन्या वेगळ्या मागून घेतलेल्या, असा हिशेब असतो. आणि एवढं करून जाहिराती कुणाच्या दिसतात? इथं मला जरा थांबायचंय, कारण या गोष्टीकडे पुण्या-मुंबईच्या कुणाचं लक्ष जाणार नाही.

मराठी वाहिनीला सीमेवरचा कोगनोळीचा नाका दिसत नाही. तिच्या लेखी मराठी प्रेक्षक म्हणजे महाराष्ट्रातला प्रेक्षक. २०२४ च्या पावसाळ्यात मराठी वाहिन्यांवर 'माझी लाडकी बहीण' योजनेच्या जाहिराती सुरू झाल्या, महिन्याला १,५०० रुपये. आमच्याकडे तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायका विचारायला आल्या, "सर, ह्यो फॉर्म हितं कुठं मिळतोय?" मावशी, तो फॉर्म इथं मिळत नाही, आपलं राज्य वेगळं, हे मला सांगावं लागलं. तुमची योजना गृहलक्ष्मी, कुटुंबप्रमुख बाईला २,००० रुपये, ती ऑगस्ट २०२३ मध्येच सुरू झाली. त्यातल्या काहींना गृहलक्ष्मीची माहिती होती, काहींना अर्धवट होती. कारण तिचा गाजावाजा कन्नड वाहिन्यांवर, आणि या बसतात मराठी मालिकेसमोर. २०२४ च्याच नोव्हेंबरच्या २० तारखेला महाराष्ट्र विधानसभेचं मतदान झालं. त्याआधी सगळ्या पक्षांच्या जाहिराती निपाणीत, बेळगावात, खानापुरात घरोघरी वाजल्या. मत कर्नाटकात, प्रचार महाराष्ट्राचा. त्यात एकही सेकंद आपल्या कामाचा नव्हता, आणि वेळ मात्र आपला गेला.

म्हणून मी वर्गात सांगायचो तेच इथं सांगतो. जाहिरातीला दोनच प्रश्न विचारायचे. ही माझ्यासाठी आहे का? आणि ही खरं सांगते का? दोन्हीचं उत्तर 'हो' असेल तर बसा, बघा, काही बिघडत नाही. मी जाहिरातींचा शत्रू नाही. रेडिओ सिलोनवर १९५२ साली सुरू झालेली बिनाका गीतमाला आठवा. कार्यक्रमाच्या नावातच टूथपेस्टचं नाव होतं, तरी लोक अमीन सयानींच्या आवाजासाठी पानपट्टीपुढं गर्दी करून उभे राहायचे. त्या काळात बा. वि. केसकर माहितीमंत्री होते आणि आकाशवाणीवर सिनेगीतांना जागा नव्हती. श्रोत्यानं खुंटी फिरवली आणि तो सिलोनला गेला. नको ते सोडून हवं तिकडं जायचा हक्क आपल्या वडीलधाऱ्यांनी तेव्हाच बजावला, आणि तोही जाहिरातीच्या दिशेनं! पेंढरकरांच्या विको कंपनीनं १९८४ साली 'ये जो है ज़िंदगी' ही मालिका प्रायोजित केली. मालिका चांगली, जाहिरातही साधी, लोकांनी दोन्ही आवडीनं बघितलं. प्रेक्षकाला मान दिला की तो थांबतो, हे यातून शिकण्यासारखं आहे.

आणि रिमोटची गोष्ट तर तुम्हाला सांगायलाच हवी. अमेरिकेत शिकागोला झेनिथ नावाची टीव्ही बनवणारी कंपनी होती. तिचे प्रमुख युजीन मॅक्डोनाल्ड यांना जाहिरातींचा मनस्वी तिटकारा होता. त्यांनी आपल्या इंजिनिअरांना जाहिरात गप्प करणारं काहीतरी बनवायला सांगितलं. १९५५ साली युजीन पॉली यांनी 'फ्लॅशमॅटिक' तयार केलं. ते दिसायला एखाद्या बॅटरीसारखं होतं. टीव्हीच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे डोळे बसवलेले. एका कोपऱ्यावर झोत टाकला की वाहिनी बदलायची, दुसऱ्यावर टाकला की आवाज बंद व्हायचा. खिडकीतून ऊन पडलं तरी वाहिनी बदलायची म्हणून पुढच्याच वर्षी त्याची जागा दुसऱ्या यंत्रानं घेतली. पण मुद्दा ध्यानात घ्या. तुमच्या हातातला रिमोट ज्यांनी आणला, त्यांना जाहिरात गप्प करायची होती. त्याच्यावर आवाज बंद करण्याचं जे बटण आहे ते त्यासाठीच आहे.

पुढं सोनीनं १९७५ साली घरी कार्यक्रम टेप करून ठेवायचं यंत्र काढलं, तेव्हा युनिव्हर्सल आणि डिस्ने कोर्टात गेले. जानेवारी १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की घरच्या घरी टेप करून सवडीनं कार्यक्रम बघणं हा कॉपीराइटचा भंग नाही. यंत्र प्रेक्षकाचं, सवड प्रेक्षकाची.

आता आपल्याकडचा कायदा. केबल टीव्ही नियमांत स्पष्ट लिहिलंय की तासाला १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती दाखवायच्या नाहीत. त्यातली १० मिनिटं व्यापारी जाहिरातींची आणि २ वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांच्या जाहिरातींची. म्हणजे अर्ध्या तासाच्या मालिकेला ६ मिनिटं. कितीजणांना हे माहीत होतं? ट्रायनं २०१२ साली याच मर्यादेसाठी वेगळे नियम काढले, तेव्हा वृत्तवाहिन्या आणि संगीतवाहिन्या न्यायालयात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयानं त्यांना सक्तीच्या कारवाईपासून संरक्षण दिलं, आणि प्रकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं. पण १२ मिनिटांचा आकडा खोडला गेलेला नाही. पुन्हा सांगतो, तासाला १२ मिनिटं.

दुसरा नियम आवाजाचा. जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा नसावा, असंही त्याच नियमांत आहे. तरी ब्रेक लागला की पाळण्यातलं पोर दचकतं. ते का होतं? मालिकेत कुजबुज असते, शांतता असते, मध्येच एखादा मोठा आवाज असतो. जाहिरातीत पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत सगळं वरच्या पट्टीत भरलेलं असतं. तिसरा नियम असा की जाहिरात आणि कार्यक्रम वेगळे ओळखू आले पाहिजेत, आणि पडद्याच्या खालच्या भागात पट्टी सरकवून कार्यक्रमात अडथळा आणायचा नाही. क्रिकेटचा सामना बघताना हा नियम आठवून बघा.

आपल्याच राज्यात, बेंगळूरुला एका प्रेक्षकानं जाहिरातींत जाणाऱ्या वेळेचा प्रश्न धसास लावला. २०२३ साली तो 'सॅम बहादूर' बघायला मल्टिप्लेक्समध्ये गेला. तिकिटावरच्या वेळेनंतर सुमारे २५ मिनिटं जाहिराती चालल्या आणि सिनेमा उशिरा सुरू झाला. तो ग्राहक आयोगात गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगानं भरपाई द्यायला सांगितलं, शिवाय ग्राहक कल्याण निधीत एक लाख रुपये भरायला सांगितलं. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयानं त्या आदेशाला स्थगिती दिली, हेही सांगायला हवं. पण प्रेक्षकाच्या वेळेला किंमत आहे, हे एका अधिकृत पीठानं लिहून ठेवलं, ही मोठी गोष्ट आहे.

निपाणीत बसून एका जाहिरातीबद्दल गप्प राहणं मला जमणार नाही. तंबाखू काय चीज आहे हे आपल्या गावाला कुणी शिकवायला नको. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी इथला महामार्ग अडवला, गोळीबारात माणसं गेली. तंबाखूच्या जाहिरातींवर २००३ च्या कायद्यानं बंदी आली. मग तेच नाव, तोच डबा, तीच अक्षरं वेलचीच्या किंवा पानमसाल्याच्या नावाखाली पडद्यावर आली, सिनेनट हसत हसत ती विकू लागले. जून २०२२ च्या ग्राहक संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांनी अशा आडून केलेल्या जाहिरातींना मनाई केली आहे. तरी सामना लागला की त्या दिसतात. ज्या वखारीत आपल्या आयाबहिणी तंबाखूच्या धुळीत दिवस काढतात, त्यांच्या पोरांसमोर हे नाव दिवसातून कितीदा वाजतं! मोठ्या माणसानं जाहिरात टाळली न टाळली, तो त्याचा प्रश्न. पोराला टाळता येत नाही.

आणि इथं आयाबापांना जरा बोलतो, राग मानू नका. पोर जेवत नाही म्हणून त्याला मुद्दाम जाहिराती लावून घास भरवायची रीत घराघरांत पडली आहे. जाहिरात लागली की पोर तोंड उघडतं, हे खरं. पण त्या घासाबरोबर आपण त्याला काय भरवतो? चार वर्षांच्या मुलाला जाहिरात आणि गोष्ट यांतला फरक कळत नाही. जेवताना टीव्ही बंद ठेवा. पहिले काही दिवस पोर रडेल, मग जेवेल.

वेळ संपत आला, त्यामुळे तक्रारीचं थोडक्यात सांगतो. २०२१ च्या नियमांनुसार जाहिरात संहिता मोडली तर आधी थेट वाहिनीकडे लेखी तक्रार करायची. पोच २४ तासांत आणि निर्णय १५ दिवसांत कळवणं वाहिनीवर बंधनकारक आहे. तेवढ्यानं भागलं नाही तर वाहिन्यांच्या स्वनियामक संस्थेकडे आणि शेवटी केंद्र सरकारकडे जाता येतं. वाहिनी, तारीख, वेळ आणि जाहिरातीचं नाव, या चार गोष्टी तक्रारीत हव्यातच. फसव्या जाहिरातीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

तेव्हा या आठवड्यात एक काम करा. तुमच्या आवडत्या मालिकेच्या वेळी घड्याळ समोर ठेवा आणि जाहिरातींची मिनिटं वहीत लिहा. अर्ध्या तासात ६ च्या वर गेली तर तारखेसह नोंद ठेवा आणि वाहिनीला पत्र टाका. एकट्यानं नको वाटलं तर गल्लीतल्या चार घरांनी मिळून टाका. हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं आणि कन्नडमध्येही.