सर्व्हरची दूरची रोजनिशी

नवी मुंबईंत ठाणें-बेलापूर रस्त्यानें जातांना ऐरोली, रबाळें, महापे या भागांत कारखान्यांच्या शेजारीं कांहीं मोठ्या, बेताच्याच खिडक्या असलेल्या इमारती दिसतात. त्यांतून धूर निघत नाहीं, कीं कामगारांची गर्दी दिसत नाहीं. तेथें असतात ते सर्व्हर, म्हणजे इतरांचीं कामें अहोरात्र करणारे संगणक. यांपैकीं पुष्कळांवर लिनक्स ही प्रणाली चालते. असा प्रत्येक सर्व्हर आपली रोजनिशी लिहीत असतो: कोण आंत आला, कोणाला दार नाकारलें, कोणतें काम मध्येंच थांबलें. तिलाच लॉग म्हणतात.

ही रोजनिशी एकाच ठिकाणीं ठेवणें धोक्याचें. घरफोड्या आंत शिरला, तर आपलीं पावलें आधीं पुसतो. म्हणून प्रत्येक नोंदीची प्रत तत्काळ दुसऱ्या सर्व्हरकडे धाडण्याची वहिवाट आहे. एरिक ऑल्मन यांनीं १९८० च्या दशकांत अमेरिकेंतील बर्कले येथें सिसलॉग ही पद्धत निर्माण केली. लिनक्सवर तें काम आज पुष्कळदां आरसिसलॉग करतो. भारतांत सर्ट-इन या सरकारी संस्थेनें २८ एप्रिल २०२२ रोजीं अशा नोंदी १८० दिवस जपून ठेवण्याचा आदेश काढला.

परंतु प्रत पोंचेनाशी झाली, तरी बहुधा हांकाटी होत नाहीं. खरी आपत्ति हीच. चोरी झाल्यावर वही उघडावी, तों पानें कोरीं!

दोष शोधतांना टपालाचाच मार्ग धरावा. प्रथम पाठविणाऱ्या सर्व्हरवर ‘लॉगर’ या आज्ञेनें एक खुणेचें वाक्य लिहावें. तें तेथल्याच वहींत उमटलें नाहीं, तर दोष घरांतलाच. उमटलें, तर पत्ता पाहावा. आरसिसलॉगच्या रूढ लेखनपद्धतींत पत्त्यापूर्वीं ‘ॲट’चें एक चिन्ह असेल, तर नोंद यूडीपीनें जाते, दोन असतील, तर टीसीपीनें. यूडीपी म्हणजे साधें कार्ड: हरवलें तरी कळत नाहीं. टीसीपी म्हणजे पोंच देणारें टपाल. एक सर्व्हर एका रीतीनें धाडतो आणि दुसरा दुसऱ्या रीतीची वाट पाहतो, अशी चूक वारंवार घडते.

नंतर घेणाऱ्या सर्व्हरवर ‘टीसीपीडंप’ लावून ५१४ या रूढ क्रमांकाच्या द्वाराकडे पाहावें. पाकीट तेथें येतच नसेल, तर वाटेंतील फायरवॉल, म्हणजे पहारेकरी, तपासावा. येत असून नोंद वहींत उमटत नसेल, तर घाईनें निष्कर्ष काढूं नये. टीसीपीडंपला पाकीट दिसतें, तें त्या सर्व्हरच्या स्वतःच्या पहारेकऱ्यानें अडविण्यापूर्वीं. म्हणून तो पहारेकरी, आणि आरसिसलॉग त्या द्वाराशीं ऐकत आहे कीं नाहीं, हीं दोन्ही पाहावीं.

कधीं नोंद हरवलेली नसतेच; भलत्या वेळेखालीं पडलेली असते. २००१ सालीं लेखबद्ध झालेल्या जुन्या नमुन्यांत सालहि नसतें आणि वेळ कोणत्या प्रदेशाची तेंहि नसतें. एक घड्याळ भारतीय वेळेवर व दुसरें जागतिक वेळेवर असल्यास साडेपांच तासांचा फरक पडतो. सगळीं घड्याळें एका प्रमाणाशीं जुळवावीं, व ज्यांत साल आणि प्रदेशवेळ दोन्ही येतात तो २००९ चा नमुना वापरावा.

दुरुस्तीनंतरहि रोज ठरल्या वेळीं खुणेचें एक वाक्य धाडावें, आणि तें न आल्यास घेणाऱ्या सर्व्हरनें माणसाला हांक मारावी, अशी योजना असावी. परगांवच्या मुलाचें पत्र थांबलें म्हणजे घर निर्धास्त होत नाहीं, चौकशी करतें. रोजनिशीच्या मौनाचेंहि तसेंच आहे.