शेवटच्या बांधीपर्यंत पाणी
(संस्थेच्या वार्षिक शिक्षक-पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



‘एखाद्या मोठ्या शहरातील सर्वच शाळा यशस्वी कशा होतात?’ असा विषय मला देण्यात आला असून उदाहरण म्हणून चीनमधील शांघाय शहराचे नाव सुचविण्यात आले आहे. वरठीत बसून शांघायची चर्चा कशासाठी, असे कोणास वाटणे साहजिक आहे. परंतु त्या शहराने जे केले, त्याचा मूळ विचार महाराष्ट्राला नवा नाही. तो आपल्या कागदावर फार पूर्वीपासून आहे. तो वर्गात उतरला कोठे आणि अडला कोठे, एवढेच मला आज मांडावयाचे आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. पंधरा वर्षांच्या मुलामुलींची ‘पिसा’ नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी दर काही वर्षांनी होते. २००९ साली शांघायने तीत प्रथमच भाग घेतला आणि वाचनात ५५६, गणितात ६०० व विज्ञानात ५७५ गुण मिळवून तिन्ही विषयांत पहिला क्रमांक पटकावला. २०१२ सालीही पहिले स्थान त्याचेच राहिले. त्याच चाचणीच्या वाढीव फेरीत आपल्या देशातील हिमाचल प्रदेश आणि तामिळनाडू ही दोन राज्ये उतरली होती. ती यादीच्या अगदी तळाशी राहिली. त्यानंतर २०१२, २०१५ व २०१८ या फेऱ्यांत भारत उतरलाच नाही.

शांघाय श्रीमंत शहर आहे, हे खरे. पण श्रीमंत शहरे जगात पुष्कळ आहेत. तेथील वर्गही काही लहान नसतात. चाळीसच्या आसपास मुले एका वर्गात बसतात. मग फरक कशात आहे?

पहिला फरक शिक्षकाच्या दिवसात आहे. तेथील गणिताचा शिक्षक दिवसाला साधारण दोन-तीन तास शिकवितो. उरलेला वेळ वह्या तपासणे, मागे पडलेल्या मुलाला त्याच दिवशी समजावणे आणि सहकाऱ्यांबरोबर उद्याचा पाठ तयार करणे यांत जातो. दुसरा फरक असा की, तेथे वर्गाचे दार बंद नसते. एका विषयाच्या शिक्षकांचा गट असतो, ते एकमेकांचे पाठ पाहतात व त्यावर बोलतात. नवा शिक्षक अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली तयार होतो. प्रत्येक शिक्षकाने पाच वर्षांत २४० तास स्वतःच्या शिक्षणासाठी द्यावेत, अशी अपेक्षा त्या काळी असे. तिसरा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चांगल्या शाळेकडे दुबळ्या शाळेची जबाबदारी सोपविली जाते. चांगल्या शाळेचे मुख्याध्यापक व शिक्षक त्या शाळेत जाऊन काम करतात आणि ती उभी राहिली की नाही याचा हिशेब द्यावा लागतो.

आपण मालगुजारी तलावांच्या जिल्ह्यातील माणसे आहोत. तलावालगतची पहिली बांधी हिरवी दिसली म्हणून कोणी शेतकरी समाधान मानीत नाही. पाणी बांधीतून बांधीत उतरत शेवटच्या बांधीपर्यंत पोचले, तरच तलाव भरला असे तो म्हणतो. शाळांचेही तसेच आहे. दहावीच्या निकालातील वरची नावे ही पहिली बांधी होय.

या चित्राला काळी बाजूही आहे. शांघायच्या मुलांना आठवड्याला सुमारे चौदा तास गृहपाठ करावा लागत असे, असे २०१२ च्या फेरीत दिसले. हे ओझे देशभर इतके वाढले की २०२१ साली चीन सरकारला गृहपाठावर व खाजगी शिकवण्यांवर बंधने घालावी लागली. शिवाय बाहेरगावाहून आलेल्या मजुरांच्या मुलांना त्या शहरात वरच्या शिक्षणाची वाट सहज मोकळी नव्हती. रेल्वे स्टेशन आणि पोलाद कारखाना यांच्या आधाराने वसलेल्या आपल्या गावाने ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. बाहेरून आलेल्याचे मूल ही आपलीच शेवटची बांधी आहे.

आता आपल्या घराकडे वळू. १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाने देशाच्या शिक्षणाचा विचार केला. त्याचे सदस्य-सचिव होते कोल्हापूरकडचे थोर शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक. एक माध्यमिक शाळा व तिच्या परिसरातील प्राथमिक शाळा यांचे ‘शाळा-संकुल’ करावे, त्यांनी साधने, ग्रंथ व अनुभव वाटून घ्यावेत, अशी सूचना या आयोगाने केली. शांघायच्या यशापूर्वी चाळीसहून अधिक वर्षे! पुढे १९९४ च्या सुमारास महाराष्ट्रात केंद्रशाळा आल्या. साधारण दहा शाळांचे एक केंद्र, त्याला एक केंद्रप्रमुख आणि शिक्षकांच्या शिक्षण परिषदा. म्हणजे सांगाडा तयार झाला.

त्या सांगाड्यात प्राण कसा येतो, हे सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटने दाखविले. तेथील शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि जिल्हा परिषदेचे शिक्षक यांनी मिळून, मूल स्वतः ज्ञान रचते या तत्त्वावर वर्ग बदलले. फरशीवर आखणी झाली, खडे, काड्या, मणी हाती आले, मुले गटात बसून एकमेकांना शिकवू लागली. आणि हे एका गाजलेल्या शाळेत नव्हे, तर बीटमधील अनेक शाळांत घडले. राज्यभरातून शिक्षक ते वर्ग पाहावयास गेले. २०१५ साली सुरू झालेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाला या कामाचा मोठा आधार मिळाला. पैसा तोच, शिक्षक तेच, मुले शेतकऱ्या-मजुरांचीच. बदलले ते एवढेच की शिक्षक एकमेकांचे वर्ग पाहू लागले.

जेथे परिषदेत परिपत्रके वाचली जातात, माहितीचे तक्ते भरले जातात आणि चहा होऊन मंडळी पांगतात, तेथे हा विचार अडतो. हातच्याची वजाबाकी न येणाऱ्या मुलाचे नाव ज्या सभेत निघत नाही, ती शिक्षण परिषद कसली?

म्हणून संस्थेपुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. एक, महिन्यातून एक पाठ सहकाऱ्यांसमोर व्हावा आणि त्यानंतर अर्धा तास चर्चा व्हावी. चर्चा शिक्षकाच्या दोषांची नको, मूल कोठे अडखळले याची हवी. दोन, अत्यंत अनुभवी शिक्षकास दहावीबरोबर पाचवीचाही वर्ग द्यावा. आपल्या पुष्कळ मुलांची घरची भाषा उर्दू, गल्लीतली हिंदी किंवा झाडी आणि पुस्तकातली मराठी. पाचवीत त्यांचा हात सुटला, तर दहावीत तो सापडत नाही. तीन, चांगला निकाल लागणाऱ्या आपल्या शाळेने शेजारच्या एका दुबळ्या शाळेला, मग ती कोणत्याही व्यवस्थापनाची व कोणत्याही माध्यमाची असो, वर्षभर साथ द्यावी.

पालकांना एकच विनंती. निकालाच्या दिवशी ‘पहिला कोण आला?’ असे आपण विचारता. त्याबरोबर ‘मागे कोण राहिला, आणि त्याच्यासाठी काय केले?’ हेही विचारा. हा प्रश्न ज्या गावात मोठ्याने विचारला जातो, त्या गावच्या शिक्षकाला आळस परवडत नाही, आणि संस्थेलाही नाही.