हवेवर जगणारं दगडफूल

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज ज्या वस्तूविषयी बोलायचं आहे, ती तुमच्या-माझ्या स्वयंपाकघरात आहे. डब्यात दिसत नसेल, तर मसाल्यात कुटून गेलेली आहे. तिचं नाव दगडफूल. वाण्याकडे मागितलं की तो काळपट-राखाडी, चुरगळलेल्या कागदाच्या कपट्यांसारखं काहीतरी पुडीत बांधून देतो. हातात घेतलं तर वजनच लागत नाही. गोड्या मसाल्यात ते लागतं, काळ्या मसाल्यात लागतं. आमच्या घरी बिर्याणीच्या मसाल्यात तेच ‘पत्थर का फूल’ या नावानं पडतं. तमिळनाडूतल्या चेट्टिनाड स्वयंपाकात त्याला ‘कल्पासी’ म्हणतात. कच्चं हुंगलं तर जुन्या, दमट लाकडासारखा वास येतो. गरम तेलात पडलं की मात्र त्याचा खरा दरवळ सुटतो आणि चार घरांना कळतं की आज इथं मसाला भाजतायत.

नाव दगडफूल, पण हे फूल नव्हे. मूळ, खोड, पान यांतलंही त्याला काही नाही. दगडावर ते वाढतं खरं. पण बाजारात येणारा माल बराचसा झाडांच्या सालीवरून काढलेला असतो. आणि सर्वांत मोठी गंमत म्हणजे ही एक वनस्पतीसुद्धा नव्हे. हा दोघांनी मिळून थाटलेला संसार आहे.

त्यातला एक भिडू म्हणजे कवक, म्हणजे बुरशीच्या जातीचा जीव. त्याला स्वतःचं अन्न करता येत नाही. दुसरं भिडू शैवल, शेवाळाच्या कुळातलं, एका पेशीचं, हिरवं. उन्हाच्या बळावर ते साखर तयार करतं. पण उघड्या खडकावर एकटं राहिलं तर वाळून जाईल. कवक आपल्या धाग्यांचं घर विणतं, ओल धरून ठेवतं, शैवलाला ऊन-वाऱ्यापासून सांभाळतं. शैवल आतून घर चालवतं. या जोडीला मराठी शास्त्रग्रंथांत ‘शैवाक’ म्हणतात. मला हा शब्द आवडतो, कारण त्यात शैवल आणि कवक दोघंही ऐकू येतात. इंग्रजीतल्या ‘लायकेन’ला ते साधलेलं नाही.

सायमन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञानं १८६७ मध्ये पहिल्यांदा सांगितलं की शैवाक हा एक जीव नसून दोन जीव आहेत. तेव्हाचे मोठमोठे जाणकार त्याच्यावर तुटून पडले. श्वेंडेनरची स्वतःची उपमा मात्र प्रेमाची नव्हती. त्याच्या मते कवक हा मालक आणि शैवल हे त्याचे गुलाम. पुढे बहुतेकांनी याला सहजीवन म्हटलं. कोण कुणाला किती देतं यावर अभ्यासक अजून वाद घालतात. त्यात २०१६ मध्ये असं आढळलं, की कित्येक शैवाकांच्या वरच्या थरात यीस्टच्या प्रकारचं आणखी एक कवक राहतं. म्हणजे आपण दोघांचं समजत होतो ते घर एकत्र कुटुंबाचं निघालं!

एक गोष्ट माझ्यासारख्या कविता लिहिणाऱ्या माणसाच्या नजरेतून सुटत नाही. शास्त्राच्या नियमाप्रमाणे शैवाकाला जे नाव मिळतं, ते त्यातल्या कवकाचं असतं. दगडफुलाचं शास्त्रीय नाव ‘पार्मोट्रेमा पर्लेटम’. हे नाव कवकाचं. आत राबणाऱ्या शैवलाचं नाव वेगळं, ‘ट्रेबुक्सिया’. ते कुणी घेत नाही. दारावरच्या पाटीवर एकाचं नाव आणि चूल पेटती ठेवणारं कुणी दुसरंच, हे आपल्या ओळखीचं आहे.

आता ते दिसतं कसं? झाडाच्या सालीवर गोल गोल पाकळ्यांचा राखाडी पसारा असतो. पाकळ्यांच्या कडेला कधी बारीक काळे केस दिसतात. उलटून पाहिलं तर खालची बाजू काळी, कडेशी तपकिरी. खालून निघालेल्या बारीक धाग्यांनी ते सालीला धरून बसतं. हे धागे म्हणजे मुळं नव्हेत. झाडाचा रस ते पीत नाहीत. म्हणून झाडावर शैवाक दिसलं की झाडाला रोग झाला, असं समजून ते खरवडू नये. भाडेकरू आहे, चोर नव्हे. पावसात बघाल तर राखाडी रंग जाऊन त्यावर हिरवट झाक येते. वरची साल भिजून पारदर्शक होते आणि आतलं शैवल दिसू लागतं. चैत्र-वैशाखात तेच वाळून कुरकुरीत होतं आणि निपचित पडून राहतं. मेलेलं नसतं, वाट पाहत असतं.

त्याची वंशवृद्धीही ऐकण्यासारखी आहे. कवकाला बीजाणू होतात. कित्येक शैवाकांच्या अंगावर इवल्याशा बश्यांसारखी फळं दिसतात, त्यांतून ते बाहेर पडतात. पण असा बीजाणू एकटाच निघालेला असतो. जिथं पडेल तिथं त्याला योग्य शैवल भेटलं तरच संसार उभा राहतो. नाहीतर सगळं वाया. म्हणून दगडफुलानं दुसरी वाट धरली आहे. त्याच्या अंगावर त्या बश्या क्वचितच दिसतात. त्याऐवजी पाकळ्यांच्या कडांना पिठासारखी भुकटी येते. तिच्या प्रत्येक कणात शैवलाच्या थोड्या पेशी आणि त्यांना लपेटलेले कवकाचे धागे असतात. घर सोडतानाच जोडीदार बरोबर. वारा, पाऊस, मुंग्यांचे पाय, पाखरांचे पंख, जे मिळेल त्यावर स्वार होऊन तो कण दुसऱ्या फांदीवर जातो आणि बिऱ्हाड मांडतो.

वाढ मात्र कमालीची संथ. अशा पानासारख्या शैवाकाची कड वर्षाकाठी काही मिलिमीटर सरकते. खडकाला चिकटून राहणाऱ्या काही जाती तर वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाहीत. तळहाताएवढं दगडफूल व्हायला दहा-वीस वर्षं सहज लागतात. आपण जे चिमूटभर तेलात टाकतो, ते कुणाच्या तरी शाळेच्या दिवसांपासून वाढत आलेलं असतं.

आणि मागणी काही आजची नाही. आयुर्वेदात ते ‘शैलेय’ आहे. युनानी हकिमांच्या पुडीत ते ‘उश्ना’ या नावानं येतं. झाडांवरून दाढीसारख्या लोंबणाऱ्या शैवाकाचं ‘उस्निया’ हे शास्त्रीय नाव याच अरबी शब्दावरून आलेलं आहे. कनौजचे अत्तरवाले हिना आणि शमामा ही अत्तरं काढताना जडीबुटींबरोबर ‘छरीला’ देगेत घालतात. छरीला म्हणजे आपलं दगडफूलच. शाळेच्या प्रयोगशाळेतला लिटमस कागद आठवतो ना? त्याचा रंगही मुळात समुद्रकाठच्या एका शैवाकापासून काढत असत. मसाल्याच्या बाजारातला मोठा वाटा हिमालयाच्या उतारांवरून, उत्तराखंडातून येतो. पुडीत एकच जात असते असंही नाही. तीन-चार जातींची सरमिसळ असते. त्याची शेती होत नाही. जंगलात जायचं आणि सालीवरून खरवडून आणायचं. वीस वर्षांची वाढ एका दुपारी पोत्यात जाते. उत्तराखंडाच्या वनखात्यानं २०२० मध्ये मुनसियारीला खास शैवाकांचं उद्यान उभारलं, ते या जिवांची लोकांना ओळख व्हावी म्हणूनच.

आपल्याकडेही या विषयाचं मोठं काम झालं आहे. पुण्याची महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी १९४६ मध्ये सुरू झाली. आज तिथल्या संशोधनसंस्थेला आघारकरांचं नाव आहे. तिथं डॉ. पी. जी. पटवर्धन आणि डॉ. ऊर्मिला मखीजा यांनी पश्चिम घाटातली शैवाकं गोळा केली, ओळखली, त्यांतल्या कितीतरी जाती जगापुढे पहिल्यांदा मांडल्या. सह्याद्रीच्या एकेका फांदीवर भिंग धरून केलेलं हे काम आहे. त्याचा गाजावाजा झाला नाही, कारण विषयच असा, पायाखालचा.

आता पाचगणीकडे येतो. या गावाची कीर्तीच मुळी हवेची. १८६०च्या दशकात जॉन चेसननं हे गाव वसवलं, ऑस्ट्रेलियातल्या सिल्व्हर ओकसारखी परदेशी झाडं इथं लागली. महाबळेश्वर अठरा-एकोणीस किलोमीटरवर. तिथं वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, पाचगणीला त्याच्या निम्म्याहूनही बराच कमी. धुकं आहे, गारवा आहे, पण अंगावर येणारा मारा नाही. म्हणून डॉ. रुस्तमजी बिलिमोरियांनी १९१२ मध्ये क्षयाच्या रुग्णांसाठी ‘बेल एअर’ आरोग्यधाम काढलं. क्षयावर औषध सापडलेलं नव्हतं, तेव्हा माणसं इथली हवा घ्यायला येत. तीच हवा शैवाकांनाही मानवते. सिल्व्हर ओकच्या खरबरीत सालीवर आणि टेबललँडच्या जांभ्या दगडावर त्यांचे राखाडी, हिरवे, पिवळट ठिपके दिसतात. पुष्कळांना तो दगडाचाच रंग वाटतो.

शैवाक आणि हवा यांचं नातं फार जुळलेलं आहे. त्याला मुळं नाहीत आणि आपल्या पानांवर असतो तसा मेणाचा थरही नाही. पाऊस, धुकं, धूळ यांतून जे येईल ते सगळं ते अंगात मुरवतं. नको ते बाहेर टाकण्याची सोय त्याच्याजवळ नाही. २००५ मध्ये दोन जातींची शैवाकं युरोपीय संस्थेनं यानातून अंतराळात पाठवली. तिथं ती सुमारे पंधरा दिवस उघडी ठेवली होती. निर्वात पोकळी, कडक किरणं, सगळं सोसून परत आल्यावर ती पुन्हा अन्न करू लागली. असा हा चिवट जीव कोळशाच्या गंधकी धुरानं मात्र मरतो. पॅरिसमध्ये १८६६ मध्ये विल्यम नायलँडरच्या लक्षात आलं, की शहरातून हटलेली शैवाकं लक्झेंबर्ग बागेत तेवढी टिकून आहेत. त्यानं म्हटलं, ही हवेची मोजमापं आहेत. पुढे लंडनमध्ये धूर कमी झाला, तशी गेलेली शैवाकं हळूहळू परतली. म्हणजे दारं कायमची बंद होत नाहीत.

महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ मध्ये पर्यावरणाच्या दृष्टीनं संवेदनशील म्हणून जाहीर झाला. कागदावर ते झालं. पण हंगामात पसरणीच्या घाटातून वर येणारी मोटारींची रांग, टेबललँडवरची घोड्यांची ये-जा आणि दगडावर अणकुचीदार खड्यानं कोरलेली नावं मी पाहतो. ‘अमुक लव्ह तमुक’ लिहायला दोन मिनिटं लागतात. त्या दोन मिनिटांत जे खरवडलं जातं, ते त्या दोघांच्या जन्माआधीचं असू शकतं.

मग काय करावं? मसाल्यात दगडफूल घालू नका, असं मी म्हणणार नाही. मलाही जेवायचं आहे. किलोभर धण्याला मूठभर पुरतं, एवढं मात्र सांगेन. स्वस्त आहे म्हणून चार पुड्या आणून कीड लागू देऊ नका. जुनं झाड तोडायची वेळ आली तर त्याच्याबरोबर किती बिऱ्हाडं उठतात याचाही हिशेब व्हावा. नव्या रोपाच्या गुळगुळीत सालीवर ती पुन्हा बसायला एक पिढी जाते.

आणि पाचगणीच्या शाळांना एक सुचवावंसं वाटतं. हे शाळांचं गाव आहे. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकात शाळकरी मुलांनी आपापल्या गावची शैवाकं पाहून हवेची नोंद केली होती. त्यासाठी यंत्र लागत नाही. शैवाकांचे ढोबळ तीन आकार ध्यानात ठेवायचे. खडकाला किंवा सालीला खपलीसारखी चिकटलेली ती पहिली. दगडफुलासारखी, पानापानांची ती दुसरी. झुडपासारखी किंवा दाढीसारखी लोंबणारी ती तिसरी. हवा बिघडू लागली की साधारणपणे तिसरी आधी जातात, मग दुसरी. खपल्या शेवटी उरतात. मुलांनी पावसाळा संपता संपता एकेक झाड ठरवून घ्यावं, कुठल्या आकाराची किती आहेत ते वहीत लिहावं, आणि बाजारपेठेतलं झाड व गावाबाहेरचं झाड ताडून पाहावं. दुसऱ्या वर्षी पुढच्या वर्गानं तीच झाडं पाहावीत. खरवडायचं नाही, फक्त पाहायचं. दहा वर्षांच्या अशा वह्या जमल्या, तर ज्या हवेच्या नावावर हे गाव उभं आहे तिचं काय चाललं आहे, हे गावालाच सांगता येईल.